४६ सेकंदांचा हिशेब

"अगं, कळलं का? आमचा पिंट्या नॉव्हिसला उतरला!"

कुंपणावर काकूंचं डोकं दिसलं की दोरीवरचे कपडे दोरीवरच राहणार, हे मला आता पाठ झालंय. स्विंडनच्या आमच्या जोडघरांमागे सहा फुटी फळ्यांचं कुंपण आहे आणि काकू पाच फुटांच्या आतल्या. त्या उलट्या घातलेल्या मोठ्या कुंडीवर चढून बोलतात. आमच्या दुसऱ्या बाजूला गोव्याचं कुटुंब राहतं. या गावात गोंयकार पुष्कळ. त्यामुळे काकूंनी सकाळी मराठीत सांगितलेली बातमी दुपारी कोकणीत पुढे जाते आणि संध्याकाळी इंग्रजीत माझ्याकडे परत येते.

पिंट्या म्हणजे घोडा. काकूंचा मुलगा कचेरीत संगणकाचं काम करतो. सून ग्लॉस्टरशायरच्या शेतकरी घरातली, आणि पिंट्या तिचा. आयर्लंडहून आणलेला, तांबूस रंगाचा, खांद्यापाशीच साडेपाच फूट, वय वर्षं सहा. पासपोर्टवर त्याचं नाव तीन शब्दांचं आहे. हो, इथे घोड्यालाही पासपोर्ट लागतो, आणि तो व्हिसाशिवाय मिळतो, याचं काकूंना फार कौतुक. ते तीन शब्द काही त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी स्वतःच बारसं उरकलं.

"नॉव्हिस म्हणजे नवशिक्यांचंच ना हो काकू? त्यात उतरला, यात एवढं काय?"

"नावावर जाऊ नकोस. त्याच्या खाली तीन पायऱ्या आहेत. ८०, ९० आणि १००. हे आकडे म्हणजे रानातल्या अडथळ्यांची उंची, सेंटिमीटरमध्ये. नॉव्हिसला ती ११० होते आणि मैदानातल्या रंगीत दांड्यांची ११५. बरं, नुसती उंची वाढली असती तर कुणी घाबरलं नसतं. १०० च्या वर्गात मिनिटाला ४७५ मीटरचा वेग धरतात, नॉव्हिसला ५२०. अडथळेही वळणावर, उतारावर, पाण्यात, एकाला लागून दुसरा. म्हणजे उडी मोठी झाली आणि विचार करायचा वेळ कमी झाला."

"बरं, मग कितवा आला?"

"यादी खालून वाचलीस तर लवकर सापडेल."

"आणि तुम्ही पेढे वाटताय?"

"मग! घे." कुंपणावरून स्टीलचा डबा आला. "वेलदोडा जरा जास्त झालाय. पण आमची सूनबाई घरी आली ती नाचतच. लेक म्हणाला, आई, क्लिअर गेला! मी म्हटलं, म्हणजे पहिला? तर म्हणे, नाही गं, क्लिअर."

आता काकूंना क्लिअर म्हणजे काय हे सांगायला कोणीतरी हवंच असतं, आणि मी हातात चिमटे घेऊन उभीच होते.

"तीन परीक्षा असतात बघ, एकाच घोड्यावर. इथल्या एका दिवसाच्या स्पर्धेत आधी ड्रेसाज, मग रंगीत दांड्यांच्या उड्या आणि शेवटी क्रॉस-कंट्री, म्हणजे रानातली दौड. बॅडमिंटनसारख्या मोठ्या स्पर्धेत रानातली दौड मध्ये आणि दांड्या शेवटी. मुळात हे सगळं लष्कराचं. घोडा संचलनात शहाण्यासारखा चालतो का, रानातून निरोप घेऊन धावतो का, आणि एवढं धावून झाल्यावरही कामाचा उरतो का, हे बघायचं. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकला सुरू झालं ते लष्करी अधिकाऱ्यांसाठीच. बायकांना यात ऑलिंपिकला उतरू दिलं १९६४ मध्ये, टोकियोला. आणि आता जाऊन बघ त्या मैदानावर. जिकडेतिकडे बायाच, आणि नवरे बादल्या धरून उभे."

"तुमचा मुलगापण?"

"तो तर पक्का मोतद्दार झालाय! इथे ग्लास उचलून ठेवायला सांगितला तर मीटिंग असते त्याला. तिकडे पहाटे उठून खरारा करतो. नालेच्या भोकांत आटे असतात ना, त्यात ते स्टड पिळून बसवतो, घोडा घसरू नये म्हणून. चिखल असला की मोठे, कडक जमीन असली की छोटे. माझ्या मिक्सरचा एक स्क्रू बसवून दे म्हणून कधीची सांगत्येय."

"आणि तुम्ही काय करता तिथे?"

"वेण्या घालते." काकूंनी अशा थाटात सांगितलं की मी चिमटे खाली ठेवले. "ड्रेसाजला आयाळीच्या वेण्या लागतात. एकेक वेणी घालायची, दुमडायची आणि सुईदोऱ्यानं शिवून गोळी करायची. सूनबाई रबर लावायची, तो उड्या मारताना निघायचा. मी म्हटलं, सर. धाकट्या बहिणींच्या वेण्या मीच घातल्यात, त्या शाळा सुटेपर्यंत सुटत नसत. आता शेजारच्या लॉरीतल्या पोरीही येतात, आंटी, आमच्यापण घाला. शिवाय वेणीवाल्या आंटीला सगळ्या गोष्टी सांगतात."

या शेवटच्या वाक्याकडे माझं लक्ष होतं. गोष्टी येणार होत्या. पण काकू आधी भात वाढतात, मग लोणचं.

"ड्रेसाजला पांढऱ्या पाट्यांचा चौकोन आखलेला असतो, २० बाय ४० मीटरचा. बाजूला अक्षरं लावलेली. परीक्षक बाई समोर मोटारीत बसलेल्या. प्रत्येक हालचालीला दहापैकी गुण. शेवटी टक्के काढायचे आणि शंभरातून वजा करायचे. उरतील तेवढे दंडाचे. म्हणजे जितके कमी तितकं बरं. पिंट्याला साडेत्रेसष्ट टक्के पडले, म्हणजे ३६.५ दंड. चांगली घोडी असतात ती तिशीच्या आत येतात."

"म्हणजे तिथेच मागे पडला."

"पडणारच! सबंध वेळ खिंकाळत होता. शेजारच्या लॉरीतली घोडी त्याला दिसेना ना. दुडकी चाल धरली की मान वर, मग त्या पाट्यांकडे बघून फुरफुर. परीक्षक बाईंनी कागदावर लिहिलं, ताणलेला आहे पण चाल छान आहे. सूनबाई म्हणाली, गेल्या वर्षी तर तो चौकोनाबाहेरच निघून गेला असता. अगं, वय काय त्याचं!"

"सहा ना? म्हणजे घोड्यांत तरुणच झाला."

"सहा कागदावर! इथे स्पर्धेसाठी सगळ्या घोड्यांचं वय एक जानेवारीला वाढतं. फेब्रुवारीतला असो की जूनमधला, एक तारखेला सगळे एका वर्षानं मोठे. आपल्या वेळी शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांचा जन्म एक जूनला लिहायचे, तसंच. माझी आणि माझ्या चुलतबहिणीची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर एकच आहे, आणि आमच्यात दहा महिन्यांचं अंतर. तिला कडेवर घेऊन मी शाळेत जायची! पिंट्या जूनच्या शेवटचा. म्हणजे फेब्रुवारीत जन्मलेल्या घोड्यापेक्षा तो चार-पाच महिन्यांनी लहान, पण दाखल्यावर बरोबरीचा. आणि डॉक्टर सांगतात, घोड्याच्या पायांची हाडं लवकर भरतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढीची टोकं जुळायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. तू त्याच पाठीवर खोगीर घालून बसणार. मग घाई कुणाच्या जिवावर?"

एवढ्यात पलीकडून गोव्याच्या आंटींनी हाक दिली, की कढीपत्त्याची कुंडी आत घ्या, रात्री थंडी पडणार आहे. काकूंनी "हो, हो" म्हटलं आणि त्याच कुंडीच्या शेजारी पाय सावरून पुन्हा उभ्या राहिल्या.

"मग दांड्या. तिथे प्रत्येक पडलेल्या दांडीला चार दंड. पिंट्यानं एक पाडली. वळणावरून बाहेर आला तर समोर फुलांच्या कुंड्या, तो कुंड्या बघत बघत उडाला. मागचे पाय लागले. चार. झाले ४०.५. लेकानं कपाळाला हात लावला. सूनबाई मात्र हसत बाहेर आली, म्हणाली, पुढच्या उडीला स्वतःच सावरला, मी काही केलं नाही."

"आणि रानातली दौड?"

काकूंनी कुंपणावर दोन्ही कोपरं टेकली. आता मूळ बातमी आली, हे मला कळलं.

"मी पाण्यापाशीच होते. अगं, मी आता तिथे जंप जज असते! प्रत्येक अडथळ्याशी दोघं दोघं स्वयंसेवक बसवतात. आपल्या मोटारीत बसायचं, हातात कागद, गळ्यात शिट्टी, मांडीवर वायरलेस. घोडा लांबून दिसला की शिट्टी फुंकायची, म्हणजे वाटेतली माणसं आणि कुत्री बाजूला होतात. मग लिहायचं. उडाला तर खूण. थांबला किंवा बगलेनं निघून गेला तर पहिल्यांदा २० दंड, तिथेच दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा बाद. स्वार पडला तरी बाद. उजव्या हाताला लाल झेंडी, डाव्या हाताला पांढरी, त्यांच्या मधूनच जायचं. शिवाय डबा देतात, सँडविच आणि केक. मी चटणी घेऊन जाते."

"पण घरचाच घोडा आला तर?"

"कागद शेजारच्या बाईंच्या हातात दिला. शिट्टीसुद्धा दिली. तोंडात दम कुठे होता मला! हे बघ, घोड्याला पाण्याचा तळ दिसत नाही. एक वीत आहे की विहीर आहे, त्याला काय कळतंय? वर बसलेलीनं सांगितलं म्हणून उतरायचं. डोळे दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मागचंसुद्धा दिसतं, पण नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. उन्हातून झाडीत शिरला की त्याचे डोळे आपल्यापेक्षा उशिरा सरावतात. तू विचार कर, अंधारात ओंडका आहे, पलीकडे काय आहे माहीत नाही, आणि वरून बाई म्हणते चल. जातो म्हणजे केवढा विश्वास! जुना घोडा सवयीनं जातो. तरुण घोड्याची सवयच आज बनत असते."

"मग गेला पिंट्या?"

"गेला! सगळे अडथळे क्लिअर, म्हणजे कुठे थांबला नाही की बगलेनं निघाला नाही. खंदकावरचा ओंडका, टेकाड, कोपरा, तो अरुंद अडथळा, पाणी, सगळे. फक्त उशिरा आला. ठरलेल्या वेळेपेक्षा ४६ सेकंद जास्त. सेकंदाला ०.४ दंड, म्हणजे १८.४. आधीचे ४०.५ धरून एकूण ५८.९. त्यामुळे यादीत खाली."

"४६ सेकंद? पाच मिनिटांच्या आसपासच्या दौडीत? एवढा वेळ गेला कुठे?"

हाच प्रश्न काकूंना हवा होता. त्यांनी बोटं मोजायला घेतली.

"लेकानंही हेच विचारलं. तो संगणकवाला, त्यानं चित्रफीत लावून हिशेबच केला. पहिल्या दोन अडथळ्यांना ती मुद्दाम हळू गेली, घोड्याला कळू दे की इथे काय चाललंय. गेले पाच. मग उतार. उतारावर तरुण घोडा पुढच्या पायांवर लोटला जातो, तोल मागे ठेवणं त्याला अजून येत नाही. तिनं दुडकीवर आणला आणि उतरवला. आठ. झाडीच्या तोंडाशी डोळे सरावू दिले. सहा. मग तो कोपरा. तिथे दोन वाटा असतात, सरळ गेलं तर अवघड उडी, वळसा घेतला तर सोपी. तिनं वळसा घेतला. बारा. पाण्यात दुडकीनं नेलं, बघू दिलं, मान खाली घालून त्यानं फुर्र केलं, मग गेला. दहा. आणि शेवटच्या उडीनंतर सगळे सुसाट पळवतात ना, ती आयाळीवर हात फिरवत आली. पाच. मोज."

मी मोजले. बरोबर ४६.

"त्यातला एकसुद्धा सेकंद वाया गेलेला नाही," काकू म्हणाल्या. "तिनं मनगटावरचं घड्याळ आधीच काढून माझ्या पर्समध्ये ठेवलं होतं."

आता लोणच्याची वेळ झाली होती. काकूंनी आवाज खाली आणला. आमच्या गल्लीत गोव्याच्या आंटी सोडल्या तर मराठी समजणारं आणखी कोणी नाही, तरी आणला.

"वरच्या अंगाला ती मोठी पागा आहे ना, पांढऱ्या फाटकाची? तिथल्या मॅडम. नाव नको. त्यांनी परदेशातून घोडा आणला. देखणा, काळाभोर, उडी म्हणशील तर छप्पर गाठेल. पाच वर्षांचा. १०० च्या वर्गात आल्याबरोबर क्लिअर आणि वेळेच्या आत. सगळे टाळ्या वाजवतायत. लगेच नॉव्हिसला घातला. पहिल्या खेपेला तिथेही वेळेत आला, पाचांत आला, रिबन मिळाली. फोटो काय, पार्टी काय!"

"मग चांगलंच झालं की."

"ऐक तर. तो धाडसी होता म्हणून गेला, समजून गेला नव्हता. वेगात असला की तरुण घोडा एखाद्या वेळी भीती वाटायच्या आतच पलीकडे पोचतो. पण पाय एकदा वेडेवाकडे पडले, की त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या स्पर्धेत पाण्याच्या आधी एक ओंडका होता आणि खाली उतार. मॅडम सुसाट आल्या. घोडा जेमतेम उतरला, पाण्यात नाकावर आपटता आपटता वाचला. आणि त्याच्या पुढच्या वेळी पाण्याशी आला तो चारही पाय रोवून उभाच. वीस. पुन्हा आणला, चाळीस. तिसऱ्यांदा बाद."

"अरेरे."

"मॅडमनी काय म्हणावं? मोतद्दार पोरीनं स्टड चुकीचे लावले. मग खोगीर चुकीचं. मग जमीन चुकीची. ती पोरगी माझ्याकडे वेण्या घालायला आली आणि रडली. चाऱ्याच्या दुकानातली मुलगी सांगत होती, आता तो घोडा पाऊस पडल्यावर रस्त्यावरचं डबकंसुद्धा ओलांडत नाही. एवढं मोठं जनावर, डबक्याला वळसा घालून जातं!"

"पण त्यांना एवढी घाई कशाची होती?"

"विकायची. जाहिरातीत 'नॉव्हिसला क्लिअर' असं लिहिलं की किंमत चढते. 'पाच वर्षांचा, नॉव्हिसला रिबन' लिहिलं की आणखी चढते. आता लिहा म्हणावं, डबक्यापर्यंत क्लिअर."

काकू स्वतःच्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की कुंडी डुगडुगली. मी फळी धरून ठेवली.

"तुमच्या सूनबाईंचा कधी थांबला नाही का?"

"थांबला की! गेल्या उन्हाळ्यात, १०० च्या वर्गात. खंदक असतो आणि त्यावर आडवा ओंडका, ट्राकेनर म्हणतात त्याला. पिंट्यानं खंदकात डोकावून पाहिलं आणि जो थांबला! वीस दंड. दुसऱ्यांदा गेला. घरी आल्यावर लेक म्हणाला, पुढच्या वेळी जोरात घे. सूनबाई म्हणाली, पुढच्या वेळी ९० ला नेणार. आणि नेलाही. महिनाभर खालच्या वर्गात, आणि मधल्या दिवसांत रोज शेताच्या बांधावरचे छोटे चर. आधी चालत, मग दुडकीनं, मग उडी. लोकांनी विचारलं असेल, हिला खाली का यावं लागलं. हिनं कुणाला काही सांगितलं नाही. या वेळी नॉव्हिसला तसाच खंदक होता. त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही."

"पण काकू, खर्च? एवढं करून यादीत खालीच यायचं?"

"खर्चाचं विचारू नकोस, माझी झोप उडते. प्रवेश फी, लॉरीचं डिझेल, नाल, लसीकरण, शिकवणी. फ्लूच्या लशीची नोंद पासपोर्टवर नसेल तर आत सोडत नाहीत. आणि सगळं भरून जायचं तर जुलैत ऊन पडून जमीन दगडासारखी. सूनबाई टाच रोवून बघते आणि लॉरी वळवते. फी गेली. मी एकदा म्हटलं, अगं, एवढे पैसे भरलेस, हळू तरी पळव. म्हणाली, आई, फी एकदाच जाते, पाय गेला तर वर्ष जातं. आता यावर सासूनं काय बोलायचं?"

"भीती नाही वाटत तुम्हाला?"

काकू जरा गप्प झाल्या.

"वाटते गं. ती सुटायच्या खोक्यात उभी राहते, दहापासून उलटे मोजतात, तेव्हा मी बघतच नाही. डोक्याला शिरस्त्राण, अंगात जाड कवच, वर हवेचं जाकीट. त्याची दोरी खोगिराला बांधलेली. स्वार उडाला की दोरी ओढली जाते आणि जाकीट फुगतं. एकदा उतरताना सोडायला विसरली तर तिथेच फुस्सकन फुगली. हल्ली काही अडथळ्यांना अशी पिन असते की घोड्याचा जोराचा धक्का बसला तर ओंडका खाली येतो, म्हणजे घोडा त्याच्यावरून उलटत नाही. त्याला ११ दंड. देऊ दे ११, जीव तर राहिला. त्या लॉरा कॉलेट आहेत ना, २०१३ मध्ये ट्वेझलडाउनला साध्या एका दिवसाच्या स्पर्धेत घोडा पडला त्यांचा. सहा दिवस शुद्ध नव्हती, उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच बाईंनी २०२२ ला बॅडमिंटन जिंकलं, लंडन ५२ नावाच्या घोड्यावर, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रिटनच्या संघाबरोबर सुवर्णपदक."

"बॅडमिंटन म्हणजे ते इथलंच ना, एम-फोरवरून जातो ते?"

"तेच. ड्यूकच्या हवेलीच्या आवारात मे महिन्यात भरतं. १९४९ पासून. आदल्या वर्षी लंडनला ऑलिंपिक झालं, त्यात या खेळात ब्रिटनचं काही जमलं नाही, तेव्हा ड्यूक म्हणाले, आपल्या आवारात सराव करा. त्याच हवेलीचं नाव त्या शटलच्या खेळाला. आणि तो खेळ साहेब लोक आधी आपल्या पुण्याच्या छावणीत खेळायचे. आमच्या यजमानांना हे कळल्यावर ते तिथल्या पहारेकऱ्याला सांगत सुटले, आम्ही पुण्याचे, हे आमचंच!"

"आपल्याकडे हा घोड्यांचा खेळ कुणी खेळतं का?"

"न खेळायला काय झालं? १९८२ चं दिल्लीचं एशियाड आठवत नाही तुला? तू नसशीलच. आमच्याकडे रंगीत टीव्ही तेव्हाच आला देशात, आम्ही शेजाऱ्यांकडे बघितलं. रघुबीर सिंग, ६१ व्या घोडदळाचे, शहजादा नावाच्या घोड्यावर. याच खेळात सुवर्ण, आणि संघालाही सुवर्ण. त्यानंतर वैयक्तिक पदक यायला ३६ वर्षं लागली. २०१८ ला जकार्ताला बंगळुरूचा फवाद मिर्झा, रौप्य. संघालाही रौप्य. घोडा सेन्यूर मेडिकॉट. मग तोच फवाद टोकियोच्या ऑलिंपिकला गेला आणि २३ वा आला."

"२३ वा?"

"बघ, तूही तेच केलंस!" काकूंनी बोट रोखलं. "२३ वा म्हटल्यावर तुझं तोंड पडलं. अगं, आपल्याकडून या खेळात आजवर ऑलिंपिकला गेलेत ते हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. तिथे तीनही परीक्षा देऊन अंतिम फेरीत जाऊन उभा राहिला पोरगा. यादी कुठून वाचायची हे कळलं पाहिजे."

डब्यातला पेढा एव्हाना माझ्या तोंडात होता. वेलदोडा खरंच जास्त झाला होता.

"मग आता पुढे काय? याच्या वरचा वर्ग?"

"छे! या मोसमात नाही. इथला मोसम मार्च ते ऑक्टोबर. राहिलेल्या महिन्यांत आणखी एक-दोनदा नॉव्हिसला, तेही जिथे मैदान सपाट आणि अडथळे सरळ असतील तिथेच. नंतर नाल काढून कुरणात सोडणार हिवाळ्यात. खा, लोळ, मोठा हो. मॅडमनी विचारलं म्हणे सूनबाईला, विकणार का, चांगली किंमत देते. सूनबाई म्हणाली, अजून तयार नाही. मॅडम म्हणाल्या, क्लिअर तर गेला. ही म्हणाली, तो गेला हो, पण त्याला अजून तीन हिवाळे हवेत."

"आणि त्या काळ्या घोड्याचं?"

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगू नकोस. त्या रडणाऱ्या पोरीनं सूनबाईला विचारलं होतं, काय करू. हिनं सांगितलं, उड्या बंद कर, दुसऱ्या शांत घोड्याच्या मागून रोज ओढ्यात चालत ने, वर बसून काही मागू नकोस. मॅडम घरी नसताना ती नेते. परवा म्हणे ओढ्यात उभा राहून पाणी प्यायला."

हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं. गोव्याच्या आंटींना दुपारपर्यंत कळलं होतं.

काकू कुंडीवरून उतरल्या, तेव्हा मी आमच्या ऑफिसातल्या एका सहकारी बाईंचं बोलणं आठवून म्हटलं, की त्यांचीही मुलगी यंदा पहिल्यांदा पाच वर्षांच्या घोड्यावर स्पर्धेला जाणार आहे, काही सांगू का तुमच्याकडून? फळीच्या फटीतून उत्तर आलं, "पुढच्या वर्षी जा म्हणावं. घोड्याला कॅलेंडर वाचता येत नाही."

तेव्हा वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी तरुण घोडा घेऊन नॉव्हिसला उतरत असेल, तर कितवा आला हे विचारू नका. पाण्यात कसा गेला ते विचारा, आणि परतताना लॉरीत आपणहून चढला का ते विचारा. या दोन प्रश्नांची उत्तरं बरी असतील, तर पेढे जरूर घ्या. घोड्याला वरच्या वर्गात घालायची घाई मालकाला असते, घोड्याला कधीच नसते.